चिनी अकरावीचा टर्म-एंड इंग्रजी पेपर स्वतः बसून सोडवला, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू मिक्सरचा नाही, हॉटेलचा नाही, परीक्षेच्या पेपरचा आहे. हसू नका. मी सुझौला राहतो, शांघायपासून बुलेट ट्रेनने अर्धा तास, आणि इथे आल्यापासून फोन, स्कूटर, राइस कुकर, रोबोट झाडू सगळं वापरून झालं, पण एवढा घाम कशानेच काढला नाही जेवढा या आठ पानांनी काढला.

झालं काय, आमच्या ऑफिसात लाओ वांग म्हणून आहे, त्याची पोरगी गाओ-अरला, म्हणजे आपली अकरावी समजा (इथे हायस्कूल तीन वर्षांचं, गाओ-यी, गाओ-अर, गाओ-सान). जून संपत आलेला, इथला तो मेयू का काय म्हणतात तो चिकचिक पाऊस चालू, भिंतींना घाम सुटलेला, आणि वांग जेवताना तोंड पाडून बसलेला. का रे बाबा, तर पोरीला टर्मच्या इंग्रजीत १५० पैकी १३१ पडले. मी म्हटलं अरे चांगलेत की. तर म्हणे वर्गात बरीच पोरं १३५ च्या वर आहेत. आणि मग माझ्या तोंडातून ते वाक्य गेलं जे जायला नको होतं, की काय एवढं असतं त्या पेपरात, मी ठाण्याचा, इंग्लिश मीडियम, पंधरा वर्षं ईमेल इंग्रजीत लिहितोय, आण तो पेपर, १४५ पाडून दाखवतो. पैज लागली. मी पोरीपेक्षा कमी पडलो तर वांग फॅमिलीला घरी मिसळ.

आडनाव कुलकर्णी म्हणून ऑफिसात मला लाओ कू म्हणतात. चिनीत कू म्हणजे कडू पण होतं. हे आत्ताच सांगून ठेवतो.

तर पॅकेजिंग. ए-थ्रीच्या आसपासचे मोठे ताव, मधे घडी, कागद पातळ पण छपाई स्वच्छ. डाव्या कडेला एक उभी रेघ असते आणि नाव-वर्ग सगळं त्या रेघेच्या पलीकडे लिहायचं, अलीकडे नावाचा मागमूस दिसला नाही पाहिजे. सोबत उत्तराचं वेगळं शीट, गोळे २बी पेन्सिलनेच काळे करायचे, लिहायचं ते ०.५ च्या काळ्या जेल पेनने, आणि लिहायच्या जागेला चौकट आखलेली. ही चौकट लक्षात ठेवा. पोरीने मला कोऱ्या पेपरची आणि शीटची झेरॉक्स काढून आणून दिली, पेन पण दिलं, वर म्हणाली "कू शूशू, जिआयो!" शूशू म्हणजे काका, जिआयो म्हणजे तेल घाल, म्हणजे लढ बापू.

टर्मची परीक्षा म्हटली की आपल्या डोक्यात काय येतं, की या टर्मला जे धडे झाले त्यावर येणार. तसं काहीच नाही. पाठ्यपुस्तकातला एकही उतारा नाही, सगळं अनसीन. आपल्याकडे बारावीला ८० मार्कांचा पेपर आणि तीन तास, आणि त्यातले बरेचसे मार्क ओळखीच्या धड्यांचे आणि कवितांचे, त्यामुळे पोरं अपेक्षित प्रश्नसंच घेऊन बसू शकतात. इथे १५० मार्क, दोन तास, आणि साचा अगदी गाओखाओचा, म्हणजे ती ७ जूनला सुरू होणारी विद्यापीठ प्रवेशाची मोठी परीक्षा, जिला २०२४ मध्ये १ कोटी ३४ लाख पोरांनी नाव नोंदवलं होतं. आपण जसं पहिलीपासून बोर्ड बोर्ड करतो तसं इथे प्रत्येक टर्मचा पेपर हा त्या परीक्षेची रंगीत तालीमच असतो. चिनी भाषा, गणित आणि इंग्रजी तिन्हीला सारखेच १५०, त्यामुळे इंग्रजी ऑप्शनला टाकून चालत नाही.

पहिला धक्का म्हणजे सगळ्या सूचना चिनीत. उताऱ्यात एखादा शब्द अभ्यासक्रमातल्या तीनेक हजार शब्दांच्या बाहेरचा असला की पुढे कंसात चिनी अर्थ देतात, पोरांची सोय म्हणून. माझी गैरसोय. इंग्रजीच्या पेपरात मला मदत लागली ती चिनी वाचायला, यावर वांगची बायको इतकी हसली की तिच्या हातातली चहाची किटली खाली ठेवावी लागली.

लिसनिंग. ३० मार्क, २० प्रश्न, वीसेक मिनिटं. सुरुवातीला एक नमुना प्रश्न असतो, शर्ट केवढ्याला, आणि उत्तर क, ९ पौंड १५ पेन्स. हा शर्ट म्हणजे इथला दंतकथेतला शर्ट आहे. गाओखाओच्या पेपरात वर्षानुवर्षं हाच शर्ट, हाच भाव, जगात महागाई कुठच्या कुठे गेली पण "नाइन फिफ्टीन" काही हललं नाही, वांगने स्वतःच्या वेळी पण हाच ऐकलाय म्हणे. पहिले पाच संवाद एकदाच वाजवतात, बाकीचे दोनदा. आवाज इतका स्पष्ट आणि हळू की मला वाटलं कोणीतरी माझ्या आजीशी बोलतंय, आणि तिथेच मी माती खाल्ली, कारण दुसरा संवाद चालू असताना वीचॅटवर (इथलं व्हॉट्सअॅप समजा) मेसेज आला म्हणून नजर गेली आणि संवाद संपला. परत वाजवत नाहीत. एक गेला. बाकी हा भाग खरं सांगायचं तर जुनाट आहे, जगात असं कोणी बोलत नाही, एकजण बोलताना दुसरा कधी मधे तोंड घालत नाही, कोणी अडखळत नाही, मागे गाड्यांचा आवाज नाही. लंडनच्या दुकानात असं बोलणारी माणसं शोधायला गेलात तर शर्ट न घेताच परत याल.

रीडिंग. चार उतारे, अ ब क ड, अ म्हणजे जाहिरात-बिहिरात, कुठला समर कॅम्प, म्युझियमची वेळ, किती वाजता कुठे भेटायचं, हे वाण्याची यादी वाचता येणाऱ्याला जमतं. ब म्हणजे कोणाची तरी गोष्ट. क आणि ड मात्र जड, कुठल्या तरी संशोधनावरचे लेख, आणि प्रश्न असे की चारही पर्याय खरे वाटतात. माझा ड चा उतारा शहरातल्या झाडांवर होता आणि मला बागकामाचा नाद, म्हणून मी उत्साहात माझ्या ज्ञानाने उत्तरं दिली. दोन चुकली. पोरगी म्हणाली, काका तुम्हाला झाडांबद्दल काय वाटतं ते नाही विचारलेलं, लेखकाला काय वाटतं ते विचारलंय. अडीच अडीच मार्कांचा एकेक प्रश्न, पाच मार्क गेले पाण्यात. आणि शब्द मुद्दाम ओळखीचे घेतात पण अर्थ अनोळखी. फाइन म्हणजे छान नाही, दंड. नॉव्हेल म्हणजे कादंबरी नाही, नवीन. अॅड्रेस म्हणजे पत्ता नाही, प्रश्न सोडवणं. कंपनी म्हणजे ऑफिस नाही, सोबत (हा आपल्याला येतो, "जरा कंपनी दे रे" म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाला इथे फुल मार्क). पोरांकडे या अशा शब्दांच्या वेगळ्या याद्या असतात, जुन्या ओळखीच्या शब्दाचा नवा अर्थ असं त्या प्रकाराला नावच आहे चिनीत. हा भाग मला आवडला, अगदी मनापासून, कारण यात पाठांतर थोडंफारच कामाला येतं आणि वाचायलाच लागतं.

पुढचा प्रकार मात्र कोणी शोधून काढला त्याला एकदा भेटायचंय. एका उताऱ्यातली पाच वाक्यं काढून घेतात आणि खाली सात वाक्यं देतात, कुठलं कुठे बसतं ते सांगा. म्हणजे पंगतीत पाट पाच आणि पाहुणे सात, आणि प्रत्येक पाहुणा यजमानाचा सख्खा मामा असल्यासारखा चेहरा करून उभा. एक चुकीचा बसवला की ज्याची ती जागा होती तो दुसरीकडे जाऊन बसतो, म्हणजे चूक बऱ्याचदा एकटी येत नाही, जोडीने येते. माझी एक जोडी गेली, पाच मार्क. मी वांगच्या पोरीशी वाद पण घातला की माझं वाक्य तिथे चालतंय, वाच ना. ती शांतपणे म्हणाली, पुढच्या ओळीत "दे" (they) आहे, तुमच्या वाक्यात अनेकवचनी काहीच नाही, मग "दे" कोण? मी गप्प. सोळा-सतरा वर्षांची पोरगी माझ्या इंग्रजीचं पोस्टमॉर्टम करत होती आणि ते पण चिनीत.

क्लोझ म्हणजे एक गोष्ट, पंधरा रिकाम्या जागा, प्रत्येकी चार पर्याय. गोष्ट नेहमी चांगुलपणाची असते, कोणीतरी कोणाला तरी मदत करतं, शेवटी डोळे पाणावतात. व्याकरणाने चारही शब्द बसतात, त्यामुळे कानाला बरं वाटतं ते ठोकून देणारे आपल्यासारखे लोक इथे सपाटून मार खातात. माणसाला बरं वाटलं, अभिमान वाटला, कृतज्ञ वाटलं की आश्चर्य वाटलं, याचं उत्तर चार ओळी खाली दडवलेलं असतं. माझे तीन चुकले. चला.

आता ग्रामर, १५ मार्क, दहा जागा, पर्याय नाहीत, स्वतः लिहायचं. इथे उतारा बहुतेक वेळा चीनबद्दलचा, गाओखाओच्या पेपरात २०२१ ला हुआंगशान डोंगर होता, २०२२ ला जायंट पांडांचं नॅशनल पार्क, २०२३ ला शिआओलोंगबाओ, ते वाफवलेले रस्सेदार डंपलिंग, आणि त्यात शांघाय जरी त्यांचं माहेर म्हणून ओळखलं जात असलं तरी जन्म शेजारच्या नानशियांगचा असं सांगून "रेकग्नाइज" चं "रेकग्नाइज्ड" करायला लावलेलं. परीक्षा देता देता पोरांच्या तोंडाला पाणी सुटलं असणार, दुपारी तीन ते पाचचा पेपर असतो तो. २०२४ ला इंग्लंडमधली एक काचेची बाग आली होती पण तिचा पण धागा रेशीम मार्गाशी जोडलेला. म्हणजे भाषा त्यांची आणि विषय आपला, हे धोरण मला जाम पटलं, आपल्या पोरांना इंग्रजीत पुरणपोळी सांगता येते का विचारा एकदा.

तर या दहा जागांत माझ्या दोन चुकल्या आणि दोन्ही कशात? अ आणि द. चिनीत आर्टिकल नाही, मराठीत पण नाही, म्हणून मला वाटलं निदान इथे तरी आम्ही एका बोटीत. पण चिनी पोरांनी हे आर्टिकल बाहेरून शिकलंय, नियमाने, घोटून घोटून, आणि मी ते कानाने उचललंय, आणि कान माझा ठाण्याचा. पोरीचे दहापैकी दहा. चिनी भाषेत क्रियापदाला काळाचा प्रत्यय नाही, नामाला आपल्यासारखं अनेकवचन नाही, तरी यांची पोरं "हॅड बीन" अशी लावतात की जणू घरात तेच बोलतात.

आणि लेखन. ४० मार्क, आणि याच्याचसाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला खरं तर.

पहिलं १५ मार्कांचं पत्र, ऐंशीएक शब्दांचं. सुरुवात ठरलेली, समजा तुम्ही ली हुआ आहात. हा ली हुआ कोण? कोणी नाही, पेपरातला पोरगा आहे (किंवा पोरगी, नावावरून कळत नाही). किती वर्षं हा शाळेतच आहे, आणि कायम कुठल्या ना कुठल्या परदेशी मित्राला पत्र लिहितोय. २०२२ ला कॅरोलाइनला रेडिओवर मुलाखतीला बोलवलं, २०२३ ला रायन सरांना सांगितलं की इंग्रजी बोलायच्या जोड्या अशा आंधळेपणाने पाडू नका, २०२४ ला इंग्लंडच्या ख्रिसला कळवलं की शुक्रवारी आमचा चित्रकलेचा तास बागेत झाला. अख्ख्या देशाने त्याच्या नावाने पत्रं लिहिलीत, त्याच्या नावाचे इंटरनेटवर इतके जोक आहेत की पुस्तक होईल. पण मला एक गोष्ट खटकली ती अशी की ली हुआला कधीच कोणाचं उत्तर येत नाही. पेपरात ते बसतच नाही. तो माहिती देतो, बोलावतो, आभार मानतो, माफी मागतो, सल्ला देतो, "लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिप्लाय" लिहितो, आणि पुढच्या टर्मला परत दुसऱ्या कोणाला तरी पत्र लिहायला बसतो.

आमच्या पेपरात ली हुआने ड्रॅगन बोट सणाच्या सुवासिक पुरचुंड्यांबद्दल इंग्लंडच्या मित्राला सांगायचं होतं. मी रंगात आलो. नागपंचमी, ज्वारीच्या लाह्या, कुठे कुठे तुलना केली, दीडशे शब्द झाले, शेवटच्या दोन ओळी चौकटीच्या बाहेर. आणि पेपर इथे स्कॅन करून कॉम्प्युटरवर तपासतात, चौकटीबाहेरचं तपासणाऱ्याला दिसतच नाही, त्यामुळे माझं पत्र "आय होप यू विल" वर संपलं. अक्षराचं तर बोलूच नका. यांच्याकडे हंगश्वेइ नावाचं एक अक्षरवळण आहे, हबे प्रांतातल्या एका प्रसिद्ध शाळेवरून नाव पडलेलं, गोल गोल, एकसारखं, छापल्यासारखं, स्क्रीनवर तपासणाऱ्याला सोपं जावं म्हणून पोरं कित्ता गिरवतात. पोरीच्या शीटशेजारी माझं शीट म्हणजे लग्नपत्रिकेशेजारी डॉक्टरची चिठ्ठी.

शेवटचं २५ मार्कांचं, आणि या पेपरातली सगळ्यात भारी वस्तू हीच. साडेतीनशे-एक शब्दांची अर्धी गोष्ट देतात, पुढच्या दोन परिच्छेदांची फक्त पहिली वाक्यं देतात, बाकी दीडशेएक शब्दांत तुम्ही पूर्ण करायची. हे आधी झेजियांग प्रांतात २०१६ ला आलं आणि मग बाकीकडे पसरलं. २०२४ ची तर मला फार आवडली, प्रवासी व्हिएन्नात टॅक्सीने बस पकडायला पोचतो, टॅक्सीचं कार्ड मशीन बंद, एटीएम पण बंद, बस सुटायला काही मिनिटं, आणि ड्रायव्हर गुंटर वाट बघतोय. पहिला परिच्छेद, मी पळत जाऊन गुंटरला वाईट बातमी सांगितली. दुसरा, चार दिवसांनी व्हिएन्नाला परत आल्यावर ठरल्याप्रमाणे मी गुंटरला फोन केला. आता सांगा मधे काय झालं. असा प्रश्न मला शाळेत कोणी विचारला असता तर मी इंजिनिअर झालो नसतो बहुतेक.

आमच्या पेपरात एक पोरगा म्हाताऱ्या सायकलवाल्याच्या दुकानात सुट्टीत काम करतो आणि त्याच्या हातून म्हाताऱ्याची जुनी जपलेली सायकल मोडते, इथपर्यंत दिलेलं. मी लिहिलं की म्हातारा रागावला नाही पण बोललाच नाही, पैसे दिले आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाला, आणि पोरगा अजून त्या गल्लीतून जाताना सायकलवरून उतरून चालतो. मला वाटलं मास्टरपीस. पोरीने गंमत म्हणून ते तिच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना दाखवलं आणि त्यांनी पण गंमत म्हणून मार्क दिले, १७. शेरा असा की भाषा चांगली, शेवट सकारात्मक नाही. म्हाताऱ्याने माफ करायला हवं होतं, पोराला काहीतरी शिकायला मिळायला हवं होतं. आमच्या लहानपणी गोष्टीखाली तात्पर्य लिहायचे तसं. म्हणजे दार उघडं ठेवायचं आणि उंबऱ्याशीच सांगायचं कुठल्या खोलीत जा. पोरांनी पण मग ठरलेली वाक्यं घोटून ठेवलेली असतात, अश्रूंनी नजर धूसर झाली, हृदय सशासारखं उड्या मारू लागलं, कृतज्ञतेची लाट अंगावरून गेली. वांगच्या पोरीकडे रडण्याची अकरा वाक्यं आहेत, मी मोजली. एवढा सुंदर प्रश्न आणि उत्तरात सगळ्यांचा ससा एकच, याचं वाईट वाटतं.

तर हिशेब, लिसनिंग २८.५, रीडिंग ३२.५, सात पाहुणे ७.५, क्लोझ १२, ग्रामर १२, पत्र १०, गोष्ट १७. एकूण ११९.५. पास ९० ला असतं त्यामुळे पास झालो, पण वांगने ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचं ते टाकलंच.

पाचपैकी साडेतीन स्टार देतो. रीडिंग आणि गोष्टीसाठी अजून दिले असते. कापले ते लिसनिंगमधल्या त्या शर्टासाठी आणि दीडशे मार्कांत बोलण्याला एकही मार्क नाही म्हणून, कारण हे सगळं रामायण होईपर्यंत १३१ वाली ही पोरगी माझ्याशी इंग्रजीत एक वाक्य बोललेली नव्हती, आमचं सगळं माझ्या मोडक्या चिनीतच चाललेलं. लाजते. चुकेल म्हणते. चुकलं तर कोण मार्क कापणारे इथे, पण नाही.

मिसळ रविवारी झाली. मटकी इथे मिळत नाही म्हणून मुगाला मोड आणले, मसाला ठाण्याहून आलेला होताच, आणि वांगने तर्री अशी ओढली की तिखट खाणारी सिचुआनची माणसं मान खाली घालतील. पोरगी नाक पुसत पुसत दोन वाट्या जेवली, बोलली काहीच नाही.

रात्री साडेदहाला वीचॅटवर फोटो आला. रेघी कागद, गोल गोल छापल्यासारखं अक्षर, डिअर अंकल कू, हाऊ इज एव्हरीथिंग गोइंग, मग मिसळीचे आभार, मग फरसाण आधी घालायचं की नंतर हा प्रश्न, मग लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिप्लाय. खाली, युअर्स, ली हुआ.

मी कागद घेतला, पट्टीने चौकट आखली, आणि उत्तर लिहायला बसलो. फरसाण नंतर, हे सांगण्यातच साठ शब्द गेले.